जुनं गृहकर्ज, नवी बँक: कधी हलवावं, कधी जागेवरच ठेवावं

बँकेच्या दारावरचा फलक एक व्याजदर सांगतो आणि त्याच बँकेने तुम्हाला पाठवलेलं कर्जाचं विवरण दुसराच. फलकावरचा दर अर्ध्या-पाऊण टक्क्याने कमी. तुम्ही पाच-सहा वर्षं एकही हप्ता न चुकवलेले कर्जदार, घराची किंमतही दरम्यान वाढलेली. तरी आज पहिल्यांदा दारात पाऊल टाकणाऱ्याला कर्ज स्वस्त आणि तुम्हाला महाग. राग येणं साहजिक आहे. पण यात बँकेने चोरून काही केलेलं नसतं, सगळं करारात लिहिलेलं असतं. ते कसं लिहिलेलं असतं हे समजलं, की कर्ज दुसरीकडे न्यावं का या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कर्ज दुसरीकडे नेण्याला सगळे बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. नवी बँक तुमचं शिल्लक कर्ज जुन्या बँकेला एकरकमी फेडते आणि तेवढ्याच रकमेचं नवं कर्ज तुमच्या नावावर सुरू होतं. घर तेच राहतं, घराचे मूळ कागद मात्र एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो: या सोयीचा सगळ्यात मोठा उपयोग स्वतःच्या बँकेशी बोलताना होतो. प्रत्यक्ष कर्ज हलवायची वेळ त्यानंतरची, आणि अनेकांवर ती येतच नाही.

दर बनतो कसा

बदलत्या दराच्या, म्हणजे फ्लोटिंग कर्जाचा व्याजदर दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा बाहेरून येतो, त्याला बेंचमार्क म्हणतात. दुसरा बँक त्यावर चढवते, तो स्प्रेड. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला जोडावी लागतात आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, निवडला आहे. रेपो बदलला की जास्तीत जास्त तीन महिन्यांत तुमचा दर बदलायलाच हवा, असा नियम आहे.

त्यामुळे रेपोचा भाग सगळ्यांना सारखा. फरक पडतो तो स्प्रेडमध्ये. समजा रेपो ५.२५ टक्के आहे आणि तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा स्प्रेड ३.२५ ठरला होता, तर तुमचा दर ८.५० टक्के. आज स्पर्धा वाढली म्हणून बँक नव्या ग्राहकाला २.५० स्प्रेडवर कर्ज देते, त्याचा दर ७.७५. रेपो खाली आला की दोघांचाही दर खाली येतो, पण तुम्ही काही हालचाल केली नाही, तर तुमच्या दोघांमधलं पाऊण टक्क्याचं अंतर कर्ज संपेपर्यंत तसंच राहतं. तुमचा स्प्रेड करारात कोरलेला आहे. म्हणून जाहिरातीतल्या दराशी आपला दर ताडून पाहण्याआधी आपला स्प्रेड शोधा. मंजुरीपत्रात तो असतो, नसेल तर शाखेत विचारा. सांगणं त्यांना भाग आहे.

कर्ज २०१९ च्या आधीचं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. १ जुलै २०१० पासून बेस रेट आला, १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर. हे दर बँक स्वतःच्या खर्चावरून काढते, त्यामुळे रेपो उतरला तरी ते रमतगमत उतरतात. एमसीएलआरची कर्जं अनेकदा वर्षातून एकदाच बदलतात. कोणी मुद्दाम अर्ज केला नाही तर जुनं कर्ज जुन्याच पद्धतीत पडून राहतं. बेस रेटच्या काळातलं कर्ज अजून तसंच चालू असेल तर बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल, आधी बँकेत जा.

गृहवित्त कंपन्यांचं तंत्र निराळं. त्यांना बाहेरच्या बेंचमार्कची सक्ती नाही, त्या स्वतःचाच प्राइम लेंडिंग रेट ठरवतात आणि त्यातून काही वजा करून तुमचा दर सांगतात. तो दर कधी आणि किती हलवायचा हे त्यांच्या हातात. म्हणून दोन ठिकाणचे दर आज अगदी सारखे दिसत असले तरी एक रेपोला जोडलेला आणि दुसरा कंपनीच्या मर्जीला जोडलेला असू शकतो. दर उतरत असताना हा फरक खिशाला जाणवतो. स्वस्त दराला भुलून रेपोवरचं कर्ज गृहवित्त कंपनीकडे नेण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन.

मुदतीकडे कोणी बघत नाही

मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० झाला. वर्षभराच्या आत अडीच टक्क्यांची वाढ, पण अनेकांच्या खात्यातून कापला जाणारा हप्ता होता तेवढाच राहिला. बँकांनी हप्त्याला हात न लावता मुदत वाढवली होती. हप्ता तोच म्हणून लोक निश्चिंत राहिले आणि वीस वर्षांचं कर्ज कागदावर पंचवीस, तीस वर्षांचं होऊन बसलं.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं ते आकड्यात बघा. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ६.७५ टक्के दर: हप्ता सुमारे २२,८११ रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२५ झाला, तर ३० लाखांवरचं एका महिन्याचं व्याजच २३,१२५ रुपये होतं. म्हणजे हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही, मुद्दल फिटणं दूरच. कर्ज फेडता फेडता वाढायला लागतं. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने असं होऊ देऊ नका म्हणून स्पष्ट बजावलं. दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडंथोडं दोन्ही, हे कर्जदाराला विचारायचं. शिवाय दर तिमाहीला एक विवरण द्यायचं: आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज गेलं, हप्ता किती, शिल्लक हप्ते किती, वार्षिक दर किती.

हे विवरण बँकेच्या ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये पडलेलं असतं. त्यातला 'शिल्लक हप्ते' हा एक आकडा मूळ वेळापत्रकाशी ताडून पाहा. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला. दर उतरल्यावर मुदत पुन्हा पूर्वीइतकी झाली आहे का, ते इथेच कळेल. झाली नसेल, तर नव्या बँकेचा विचार करण्याआधी हा हिशेब सरळ करून घ्यायला हवा.

पहिली फेरी आपल्याच बँकेत

आपल्या बँकेत एक साधा अर्ज करून दर कमी करून घेता येतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. याला कन्व्हर्जन किंवा स्विच म्हणतात. जुन्या एमसीएलआरवरून रेपोवर येणं किंवा त्याच रेपोवर स्प्रेड कमी करून घेणं, दोन्ही त्यात येतं. काही ठिकाणी त्यासाठी ठरावीक काही हजार रुपये घेतात, काही ठिकाणी, विशेषतः गृहवित्त कंपन्यांत, शिल्लक कर्जाच्या काही टक्के. वर जीएसटी. पण सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या मालकीची वकिलाकडून तपासणी नाही, मूल्यांकन नाही, मुद्रांक शुल्क नाही, कागद जागचे हलत नाहीत. हे बाहेरच्या जगात स्वस्त मिळणाऱ्या दरापेक्षा पाव टक्का महाग पडलं तरी बऱ्याचदा परवडतं.

पूर्वी बँकेतला माणूस सांगायचा, 'स्प्रेडचा हा भाग तीन वर्षं बदलता येत नाही.' नियमही तसाच होता. स्प्रेडमध्ये एक भाग कर्जदाराच्या जोखमीचा असतो, बाकीचे बँकेच्या खर्चासारख्या गोष्टींचे. कर्जदाराची पत बदलल्याशिवाय जोखमीचा भाग बदलायचा नाही आणि बाकीचे भाग तीन वर्षांतून एकदा. १ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने त्यात मोकळीक दिली: कर्जदाराचा फायदा होत असेल तर हे बाकीचे भाग तीन वर्षांच्या आतही कमी करता येतात. करायलाच हवेत असं नाही, करता येतात. म्हणजे आता 'नियमात बसत नाही' हे उत्तर पुरेसं नाही.

पत सुधारली असेल तर तेही बोलून दाखवा. कर्ज घेताना तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा पतगुण, सातशेच्या आसपास असेल आणि आज पावणेआठशेच्या पुढे असेल, तर जोखमीचा भाग कमी करा, अशी मागणी रास्त आहे.

ही फेरी तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत दुसऱ्या बँकेचा लेखी प्रस्ताव असेल तर उत्तम. आणि खरोखर निघायची तयारी असेल तर अर्जात फोरक्लोजर लेटर (खातं बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि ठेवलेल्या कागदांची यादीही मागा. ही मागणी केली की बऱ्याच शाखांमध्ये एकदम फोन येतो. दर कमी करण्याचा अधिकार समोर बसलेल्या माणसाला नसतो, पण जाणाऱ्या ग्राहकाला थांबवण्यासाठी वेगळा विभाग असतो आणि त्याच्याकडे तो असतो.

गणित

तरी बँक हलली नाही, किंवा हलली पण पुरेशी नाही. आता हिशेब करायचा.

वरचंच उदाहरण घेऊ. शिल्लक मुद्दल ४० लाख, शिल्लक मुदत १५ वर्षं. जुना दर ८.५० टक्के, हप्ता ३९,३९० रुपये. नवी बँक ७.७५ टक्के देते. इथून तीन वाटा फुटतात आणि जाहिरातीत नेहमी तिसरीच दाखवतात.

पहिली वाट: मुदत तीच, १५ वर्षं. हप्ता ३७,६५१ रुपये होतो, म्हणजे महिन्याला साधारण १,७३९ रुपये कमी. १८० हप्त्यांत मिळून सुमारे ३ लाख १३ हजार वाचतात.

दुसरी वाट: हप्ता तोच, ३९,३९० रुपये, आधी भरत होतात तेवढाच. कर्ज १८० ऐवजी सुमारे १६६ हप्त्यांत संपतं. एकूण बचत सुमारे ५ लाख ६४ हजार. महिन्याच्या खर्चात काहीच बदल नाही, तरी कर्ज वर्षभराहून जास्त आधी फिटतं.

तिसरी वाट: 'सर, हप्ता थेट साडेसहा हजारांनी कमी होईल.' होतो, खरंच होतो. कारण नवं कर्ज पुन्हा २० वर्षांचं करतात. हप्ता ३२,८३८ रुपये, पण तो २४० वेळा भरायचा. जुन्या महागड्या दराने तुम्ही एकूण ७० लाख ९० हजार भरले असते. नव्या स्वस्त दराने ७८ लाख ८१ हजार भराल. दर कमी करून घेऊन पावणेआठ लाखांहून जास्त रक्कम वर द्यायची!

तिसरी वाट कधीच घेऊ नये असं नाही. नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, महिन्याची ओढाताण खरोखर आहे, तर हप्ता कमी करणं हेच शहाणपण. आणि वाचलेले साडेसहा हजार दर महिन्याला शिस्तीने गुंतवणारे लोकही असतात. फक्त ती वाट आपण निवडलेली असावी, दराच्या बचतीच्या नावाखाली गळ्यात पडलेली नसावी.

कर्जाचं वयही बघा. ४० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे पहिल्या वर्षी साधारण ३० हजार. तेच शिल्लक कर्ज ६ लाख आणि तीन वर्षं उरली असतील, तर त्याच पाऊण टक्क्याने तीन वर्षांत मिळून जेमतेम साडेसात हजार वाचतात. हप्त्यात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी जातं. आपल्या उदाहरणात पहिल्या ३९,३९० रुपयांपैकी २८,३३३ रुपये नुसतं व्याज आहे. मुद्दल मोठं असतं तेव्हाच दराला किंमत असते. शेवटच्या चार-पाच वर्षांत कर्ज हलवायला निघालेल्याला मी थांबवीन. हातात थोडे पैसे असतील तर त्याने ते सरळ मुदलात भरावेत.

खर्च

जुन्या बँकेला दंड द्यावा लागतो, हा समज अजून टिकून आहे. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम आणखी सोपा आणि सरसकट झाला आहे: बिगरव्यावसायिक फ्लोटिंग कर्ज असेल तर पैसा कुठून आणला हे विचारायचं नाही आणि अमुक काळ थांबा असंही म्हणायचं नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र ही सवलत नाही. सुरुवातीची काही वर्षं स्थिर आणि मग फ्लोटिंग अशी मिश्र योजना असेल तर आत्ता तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात, ते करारात बघा.

खर्च नव्या बाजूला असतो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. सणासुदीला बँका फी माफ करतात, पण 'माफ' म्हणजे सगळी की तिचा काही भाग, हे लेखी घ्या. वकिलाचा सर्च रिपोर्ट, घराचं मूल्यांकन. आणि बहुतेकांच्या हिशेबातून निसटतं ते मुद्रांक शुल्क. नव्या बँकेकडे घराचे कागद ठेवणं हा नवा गहाण व्यवहार आहे, त्यावर राज्याचं शुल्क पुन्हा भरावं लागतं. महाराष्ट्रात ५० लाखांच्या कर्जावर ही रक्कम सहज पाच आकड्यांत जाते. पहिल्या कर्जाच्या वेळी भरलं होतं, ते इथे उपयोगाला येत नाही.

या सगळ्याची बेरीज समजा ३५ हजार झाली आणि पहिल्या वर्षीची बचत ३० हजार आहे, तर सव्वा वर्षाच्या आसपास खर्च निघाला. ठीक आहे. तोच काळ अडीच-तीन वर्षांवर जात असेल तर सोडून द्या. तेवढ्या काळात दर पुन्हा कुठे जातील, तुम्ही घर विकाल की कर्ज फेडून टाकाल, कोण सांगणार?

एक कागद आवर्जून मागा: की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाचा दर असतो, ज्यात फी आणि इतर खर्च धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात ते दिसतं. दोन बँकांची तुलना करायची तर त्या आकड्याची करा. मात्र मुद्रांक शुल्क वेगळं विचारून घ्या.

कागद दोन बँकांच्या मध्ये असतात तेव्हा

नवी बँक तुमची पत तपासते, अगदी पहिल्यांदा कर्ज घेतल्यासारखी: पगारपत्रकं किंवा प्राप्तिकराची विवरणपत्रं, जुन्या कर्जाचं निदान वर्षभराचं स्टेटमेंट, घराच्या कागदांच्या प्रती, सोसायटीचं ना हरकत पत्र. प्रत्येक अर्जामागे सिबिलवर एक चौकशी नोंदली जाते, म्हणून एकाच वेळी सहा बँकांत अर्ज टाकत सुटू नका. दर विचारायला अर्ज करावा लागत नाही. दरम्यान नोकरी बदलली असेल, पगारदाराचे व्यावसायिक झाला असाल किंवा निवृत्ती जवळ आली असेल, तर जाहिरातीतला दर तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. हे आधी विचारा. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर अनेक बँका तिथेच थांबतात.

मंजुरी मिळाली की जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्यायचं: अमुक तारखेला खातं बंद करायचं तर किती रक्कम, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला किती व्याज. कर्ज हलवण्याच्या विनंतीवर संमती किंवा हरकत २१ दिवसांत कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात लोकांचे महिने इथेच जातात. शाखा सांगते अर्ज केंद्रीय कार्यालयात गेला, केंद्रीय कार्यालय सांगतं शाखेत विचारा. अर्जाची पोच हातात असेल तर ही टोलवाटोलवी लवकर संपते.

मग नवी बँक जुन्या बँकेच्या नावाने चेक किंवा डिमांड ड्राफ्ट काढते. इथे एक बारीक गोष्ट बघा. चेक एका तारखेचा, तो प्रत्यक्ष दिला आठवड्याने, आणि व्याज मात्र चेकच्या तारखेपासून. तोपर्यंत जुन्या बँकेचंही व्याज चालूच. एकाच कर्जावर दोन ठिकाणी व्याज. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पद्धत अनुचित ठरवली आणि जादा घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं. पहिल्या विवरणात व्याज कोणत्या तारखेपासून लावलं आहे ते तपासा.

जुन्या खात्याचा हप्ता शेवटच्या क्षणापर्यंत भरत राहा. 'आता कर्ज जातंच आहे' म्हणून एखादा हप्ता सोडला तर तो सिबिलवर दिसतो, आणि नवी बँक पैसे सोडण्याआधी सिबिल पुन्हा बघू शकते.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणं आणि गहाणाची नोंद काढणं बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागद नव्या बँकेच्या तिजोरीत जायचे असले तरी ते ताब्यात घेताना तुम्ही हजर राहा. यादी हातात घेऊन एकेक कागद तपासा: मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घर पुनर्विक्रीचं असेल तर आधीच्या मालकांचे सगळे करार. यातला एखादा वर्षानुवर्षं तिजोरीत राहून गहाळ झाला असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. घर विकताना कळलं तर गिऱ्हाईक निघून जातं.

सोबत काय चिकटवतात

बॅलन्स ट्रान्सफरसोबत टॉप-अप जवळजवळ नेहमी पुढे करतात. घराची किंमत वाढलेली असते, कर्ज कमी झालेलं असतं, म्हणून बँक वरचे आठ-दहा लाख आनंदाने देते. वैयक्तिक कर्जापेक्षा ते नक्कीच स्वस्त. पण त्याचा दर मूळ कर्जाएवढाच आहे की थोडा जास्त, आणि मुदत किती, हे स्वतंत्रपणे बघा. गाडी सात वर्षांत जुनी होते आणि तिचं कर्ज पंधरा वर्षं घरावर राहतं, असला प्रकार नको.

दुसरी गोष्ट विमा. कर्जाइतका आयुर्विमा घ्या, हप्ता कर्जातच धरू, असं सांगितलं जातं आणि तो सक्तीचा असल्यासारखं सांगितलं जातं. कर्जाच्या मंजुरीसाठी बँकेच्याच कंपनीचा विमा घेण्याची सक्ती नसते. कमावत्या माणसाला विमा हवाच, पण तो साधा मुदत विमा बाहेर स्वतंत्रपणे घेता येतो. जुन्या कर्जासोबत घेतलेली पॉलिसी असेल तर कर्ज बंद झाल्यावर तिचं काय होतं, उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो का, हे जुन्या बँकेला आणि विमा कंपनीला विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.

करसवलत जाईल ही भीती मात्र सोडून द्या. मूळ गृहकर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाचं व्याजही सवलतीला पात्र असतं. राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज ३ लाख ३५ हजारांच्या आसपासवरून ३ लाख ५ हजारांवर आलं तरी ते मर्यादेच्या वरच आहे, त्यामुळे कर एक रुपयाही वाढत नाही. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला सवलतच नाही, तेव्हा प्रश्न मिटला. टॉप-अपचं व्याज मात्र तो पैसा घरावरच खर्च झाला असेल तेवढ्यापुरतंच धरता येतं. प्रधानमंत्री आवास योजनेतून व्याजाचं अनुदान आधी मिळालं असेल, तर कर्ज हलवल्यावर ते पुन्हा मिळत नाही.

पैसे गेल्यानंतर

नवा हप्ता सुरू झाला की लोक फाइल बंद करतात, पण तीन-चार कामं उरलेली असतात. जुन्या बँकेकडून 'काही देणं नाही' असं पत्र घ्या. जुना NACH आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द झाला का बघा. खातं बंद झाल्यावरही एखादा हप्ता कापला जातो आणि मग परतीसाठी चकरा सुरू होतात. महाराष्ट्रात बँकेकडे कागद ठेवून गहाण केलं, तर गहाणाच्या तारखेपासून ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, दाखल करावी लागते. हे काम बहुधा बँकेचा माणूस करून देतो, पण जबाबदारी कर्जदाराची आहे, म्हणून पावती मागून घ्या. सरसाई (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत जुन्या बँकेचा बोजा निघून नव्या बँकेचा चढला का, ते विचारा. सोसायटीच्या दप्तरातही जुन्या बँकेच्या बोजाची नोंद असते. तिथे ना हरकत पत्राची प्रत द्या, म्हणजे नोंद बदलली जाईल. दोन-एक महिन्यांनी सिबिल अहवाल काढा आणि जुनं कर्ज 'बंद' असं दिसतंय का ते पाहा. चालू दिसत असेल तर त्याच दिवशी जुन्या बँकेला लिहा, कारण पुढच्या कोणत्याही कर्जाच्या वेळी तुमच्या नावावर दोन गृहकर्जं दिसतील.